पुट्टीखालचा पिवळा ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, गाडीचा. त्यातही मागचा, आणि त्यातही डावीकडचा. गाडीच्या चार दरवाज्यांत मान मिळतो तो चालकाच्या दरवाज्याला. रोज सकाळी पहिल्यांदा उघडतो तो, आणि रात्री शेवटी बंद होतो तोही तोच. मागच्या डाव्याच्या वाट्याला मात्र जो येईल तो. तरीही माझी तक्रार नाही. माझ्या वाट्याला जी माणसे आली ती कुणाला शोधून सापडली नसती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी पोलादाचा सपाट पत्रा होतो. एका अवाढव्य यंत्राने एकाच दणक्यात मला आकार दिला. दुखले का, असे विचाराल तर दुखले, पण तिथे विचारणारे कोणी नव्हते. मग मला हौदात बुडवले, निळा रंग दिला, भट्टीत वाळवले. माझ्या पोटात काच बसवली, ती वरखाली करणारी यंत्रणा बसवली, कुलूप बसवले आणि एक आडवी लोखंडी दांडी बसवली. या दांडीचे मला नेहमी नवल वाटे. काच ये-जा करते, कुलूप खटखट करते, ही मात्र काही काम न करता आत पडून असे. मी मनातल्या मनात तिला पाहुणी म्हणत असे.

माझे पहिले मालक मोठे साहेब होते. ते फोनवर बोलत बोलत गाडीतून उतरत आणि मला असे आपटत की माझी काच आत हादरून जाई. सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकदाही नीट पाहिले नाही. मग गाडी विकली गेली आणि मी ताईंकडे आलो.

ताई गाडी चालवण्याचाच व्यवसाय करत. त्यांनी त्यासाठी रीतसर परवाना काढला होता. शहरात एक व्यायाम केंद्र होते. ज्यांची हाडे मोडली आहेत, ज्यांचे सांधे बदलले आहेत, अशांना तिथे पुन्हा चालायला शिकवत. त्या रुग्णांना घरून केंद्रात आणायचे आणि परत सोडायचे, हे ताईंचे काम. ताई मला एका हाताने उघडत आणि दुसरा हात रुग्णाच्या कोपराखाली धरत. मला आपटणे त्यांना माहीतच नव्हते. त्या मला अलगद लावत आणि वर तळहाताने हलकेच दाबत. सात वर्षे धक्के खाल्लेल्या दरवाज्याला तो हात काय वाटला असेल, हे मी सांगायला नको.

माझ्या सगळ्या प्रवाशांत मला आवडत त्या टेलरआजी. पन्नास वर्षे त्यांनी शिलाई मशीन चालवले होते. कुणाचेही माप त्या नजरेने घेत. त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता. गाडीत बसताना त्या माझी वरची कड घट्ट धरत, आधी पाठ वळवत, मग हळूच टेकत. एकदा त्या ताईंना म्हणाल्या, "माझ्या सुनेपेक्षा या दरवाज्याचा आधार जास्त आहे बघ. बोलत तर काहीच नाही!" त्या दिवशी मी दिवसभर नुकताच पुसल्यासारखा चमकत होतो.

आता ताईंच्या वडिलांची ओळख करून देतो. आख्खी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणे, ताई बाबा म्हणत. एके काळी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी बाबांच्या हातची होती. पुढे छापील पाट्या आल्या आणि बाबांचे ब्रश डब्यात गेले. पण त्यांचा तोरा काही डब्यात गेला नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री आणि बाबा यांचे तर रोज जुंपे. मिस्त्री एखादी गाडी रंगवत असले की बाबा काठी टेकत तिथे उभे राहत आणि म्हणत, "आधी खरवडा, मिस्त्री! पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडा. वरवर चोपडायला रंग म्हणजे काय पावडर आहे?" मिस्त्री दात ओठ खात, पण ऐकून घेत. काम चोख असलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही.

अशी सात वर्षे सुखात गेली. मग तो मंगळवार उजाडला.

टेलरआजींना घेऊन आम्ही केंद्राकडे निघालो होतो. पुढे गाड्यांची रांग लागली म्हणून ताई थांबल्या. डाव्या बाजूच्या बोळातून एका लाँड्रीची पिवळी व्हॅन मागे मागे येत होती. ताईंनी हॉर्न दिला. व्हॅन थांबली नाही. तिचा मागचा कोपरा सावकाश माझ्यावर आला आणि मी आत दबलो. पत्रा चुरगळला, कुलूप वाकले, आणि त्याच क्षणी माझ्या पोटातली ती पाहुणी कामाला आली. तिने धक्का अंगावर घेतला आणि व्हॅनला तिथल्या तिथे अडवले. चौदा वर्षे मी जिला फुकटखाऊ समजत होतो तिने आजींना वाचवले. मला माझीच लाज वाटली.

"आजी! लागलं का कुठं?" ताई ओरडल्या.

आजींनी आधी गुडघे चाचपले, मग खुबा. "सगळं जागेवर आहे गं. डॉक्टरांनी बसवलेलंसुद्धा."

व्हॅनचा चालक धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चूक माझीच आहे ताई," तो म्हणाला, "आरसा वळलेला होता, माझ्या लक्षात आलं नाही."

आता आजींना उतरवायचे होते, आणि मी काही केल्या उघडेना. उजव्या दरवाज्यातून काढायचे तर आजींना बाकावरून सरकत जावे लागणार. नव्या सांध्याला ते सोसणारे नव्हते. ताईंनी बाकावर प्लास्टिकची पिशवी पसरली, आजींना तिच्यावर बसवले आणि व्हॅनच्या चालकाच्या मदतीने बोटबोटभर सरकवत पलीकडे नेले. त्यात अर्धा तास गेला. मागे गाड्यांचे हॉर्न, माणसांची गर्दी. या सगळ्या धांदलीत ताईंनी फोटो काढले ते व्हॅनच्या नंबराचे आणि चालकाच्या परवान्याचे. माझा एकही फोटो काढला नाही. आजी सुखरूप उतरल्या या आनंदात त्या माझ्याकडे बघायलाच विसरल्या.

त्या रात्रीच विमा कंपनीत फोन झाला. पलीकडच्या मुलीने तक्रारीचा क्रमांक दिला आणि सांगितले, "परवा सकाळी दहा वाजता आमचे सर्व्हेअर पाहणीला येतील. तोपर्यंत गाडीला हात लावू नका, आहे तशी ठेवा." दुसरा फोन केंद्राच्या मॅडमचा होता. त्या म्हणाल्या, "ताई, मागचा एक जरी दरवाजा उघडत नसेल तर मला पेशंट बसवता येणार नाहीत. आठ दिवस मी थांबते. पुढे मात्र दुसरी गाडी लावावी लागेल हो."

ताई जिन्यात बसून राहिल्या. दरवाजा नवा बसवावा लागणार होता आणि विम्याच्या मदतीशिवाय ते त्यांना झेपणारे नव्हते. म्हणजे सगळी भिस्त त्या पाहणीवर. घरात आल्यावर त्या बाबांना एवढेच म्हणाल्या, "परवा माणूस बघायला येणार आहे गाडी. त्याच्यावरच सगळं आहे आता." हात लावायचा नाही, हे सांगायचे राहून गेले. त्यांना वाटले, काठी टेकत चालणारा माणूस गाडीला कशाला हात लावेल?

मित्रांनो, इथे बाबांना दोष देऊ नका. आयुष्यभर त्यांच्या कामाची पाहणी झाली ती काम पुरे झाल्यावर. गिऱ्हाईक पाटी बघायला येणार म्हटल्यावर ते आदल्या दिवशी पाटी पुसून, काने-मात्रे तपासून, उजेडाकडे तोंड करून ठेवत. बघायला माणूस येणार म्हणजे वस्तू देखणी दिसायला हवी, एवढे त्यांना पक्के ठाऊक. शिवाय त्यांच्या मनाने घेतले की चेंगरलेली गाडी बघून तो साहेब म्हणेल, ही तर निष्काळजी माणसे, यांना कशाला मदत करायची?

दुसऱ्या दिवशी ताई खर्चाचा अंदाज आणायला शहरभर हिंडत होत्या. बाबांनी पलंगाखालून डबा ओढला. ब्रश, पत्र्याची पट्टी, पोचे भरायची पुट्टी, पॉलिश पेपर. तीन निळे आणि एक काळा मिसळून त्यांनी माझा रंग असा जुळवला की मला स्वतःला फरक कळला नसता. कारखान्यातला निळा नव्हे, चौदा वर्षे उन्हात विटलेला माझा निळा!

"घाबरू नकोस," ते मला म्हणाले. "उद्या तुला बघून त्या साहेबाचे डोळे दिपतील."

पण दुपार टळली होती. पुट्टी वाळायला वेळ लागतो, तिच्यावर रंग वाळायला वेळ लागतो, आणि संध्याकाळी ताई परत येणार होत्या. माझ्या पोच्यात व्हॅनचा पिवळा रंग ओरखड्यांसकट बसला होता. बाबांनी पॉलिश पेपर हातात घेतला, आकाशाकडे बघितले, पुन्हा माझ्याकडे बघितले. इकडेतिकडे कुणी नाही याची खात्री केली. मग पॉलिश पेपर खिशात घातला आणि पुट्टी सरळ त्या पिवळ्यावरच थापली. सगळ्या गल्लीला खरवडण्याचे धडे देणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच न खरवडता काम केले, आणि ते फक्त मला ठाऊक होते.

खरे सांगतो, मीही कमी नव्हतो. रंग सुकला तेव्हा मी गुळगुळीत, भरीव, नव्यासारखा दिसत होतो. मला ते फार आवडले. आत कुलूप वाकलेले, काच अडकलेली, आणि वरून मी नवरदेव! बाबांनी गाडीवर कापड ओढले. लेकीला सकाळी आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. दहाच्या ठोक्याला सर्व्हेअर आले. बुटके, टापटीप, बगलेत फाईल, गळ्यात चष्मा. दरवाजा उघडायची वेळ आली तर मदतीला म्हणून मिस्त्रीही आले होते. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. त्यांनी ऐटीत कापड ओढले.

सर्व्हेअरांनी माझ्याकडे पाहिले. मग गाडीला एक फेरी मारून पुन्हा माझ्याकडे पाहिले. "कुठली बाजू म्हणालात?"

ताई पुढे आल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, मग बाबांकडे बघितले. "बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? साहेब बघायला येणार, मग त्यांना काय तसला दरवाजा दाखवायचा?"

"तोच तर दाखवायचा होता, बाबा!"

सर्व्हेअरांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि माझ्यावर टेकवले. कडेला ते चिकटले. मधोमध आणले तर सुळकन घसरून खाली पडले. मला गुदगुल्या झाल्या, पण ती वेळ हसण्याची नव्हती.

"खाली पुट्टी आहे," सर्व्हेअर म्हणाले. "पण ती परवाच्या अपघाताची की पाच वर्षांपूर्वीच्या, हे मी कशावरून लिहू? दरवाजा उघडत नाही म्हणता, तर चौदा वर्षांच्या गाडीत दरवाजे अडकतातच. फोटो आहे का?"

ताईंनी व्हॅनच्या नंबराचा फोटो दाखवला.

"यात व्हॅन दिसते. तुमचा दरवाजा दिसत नाही. ताई, तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण मी डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहू शकतो, आणि मला इथे फार सुंदर रंग दिसतोय." त्यांनी फाईल मिटली. मग काहीतरी आठवून ते बाबांकडे वळले. "काका, काम तुमच्यासारख्या जाणकाराचं दिसतंय. तुम्ही आधी पत्र्यापर्यंत खरवडलंच असेल. मग खाली काही उरलेलं नसणार."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! पिवळा रंग माझ्या अंगात होता, एका पट्टीच्या अंतरावर. मला ओरडून सांगायचे होते. पण सांगू शकत होता एकच माणूस, आणि त्याच्या उजव्या हाताला मिस्त्री उभे होते. वीस वर्षे ज्यांना त्याने खरवडायला शिकवले ते मिस्त्री. 'हो, खरवडलं' म्हणाला असता तर मान राहिला असता आणि लेकीचे काम गेले असते.

बाबांनी एकदा मिस्त्रींकडे पाहिले, एकदा लेकीकडे. मग काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" सर्व्हेअरांनी विचारले.

"खरवडलं नाही म्हणालो!" बाबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "वेळ नव्हता. घाण तशीच ठेवून वरून चोपडलं. शिकाऊ पोरगंसुद्धा असलं काम करणार नाही. झालं समाधान?"

मिस्त्रींच्या भुवया कपाळात गेल्या. त्यांनी आपल्या खिशातली पट्टी काढली आणि बाबांपुढे धरली. "काका, तुम्हीच काढा. तुमचं काम आहे."

बाबांनी आपल्या कामावर पट्टी लावली. तो निळा रंग जुळवताना ते किती खुशीत होते ते मी पाहिले होते. आता तोच रंग ते स्वतःच्या हाताने उचकटत होते. न खरवडलेल्या पत्र्यावर पुट्टी धरत नाही. एका कडेला पट्टी शिरताच आख्खा पापुद्रा सुटून खाली पडला. आत पोचा होता, आणि पोच्यात लख्ख पिवळे ओरखडे.

सर्व्हेअरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. टेप लावून जमिनीपासून ओरखड्यांची उंची मोजली, फोटोतल्या व्हॅनच्या पिवळ्याशी पिवळा ताडून पाहिला. मग मिस्त्रींकडून माझे आतले अस्तर काढवले. वाकलेली दांडी आणि मोडलेले कुलूप बघून त्यांनी दहा-बारा फोटो घेतले. शेवटी एक कोरा कागद बाबांपुढे ठेवला. "काय केलंत आणि का केलंत, ते सगळं लिहून द्या. काही लपवू नका."

बाबांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिले. पाट्या रंगवणारे अक्षर ते! एकेक ओळ कोरून काढल्यासारखी. सर्व्हेअरांनी कागद वाचला आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू आले. "नियमाने पाहणीआधी हात लावायचा नसतो, हे मला लिहावंच लागेल. निर्णय कंपनीचा. पण जे घडलं ते खरं लिहिलंय, आणि अक्षर असं आहे की ऑफिसात कुणीतरी शेवटपर्यंत वाचेल."

पुढचे तीन दिवस निरोपाची वाट बघण्यात गेले. फोन वाजला की ताई धावत. चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला. क्लेम मंजूर झाला होता. ताई कणकेने भरलेल्या हातांनी बाबांना सांगायला गेल्या आणि त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या. बाबा म्हणाले, "सदरा खराब होईल, पोरी," आणि स्वतःच डोळे पुसू लागले.

मंजूर झाला म्हणजे माझी सुट्टी झाली, हे मला कळत होते. मिस्त्रींनी माझे बोल्ट सोडले, मला गॅरेजच्या भिंतीला टेकवले आणि माझ्या जागी कोरा दरवाजा बसवला. त्याला रंग जुळवायला मिस्त्री स्वतः बाबांना बोलवायला गेले. "तो विटका निळा माझ्याच्यानं होत नाही, काका." बाबा आले, आणि कुणी न सांगता पॉलिश पेपर हातात घेऊन बसले. मला मात्र भंगाराची वाट बघायची होती. चौदा वर्षांचे आयुष्य असे टायरांच्या ढिगाशेजारी संपणार म्हणून मी खूप हळहळलो.

मला वाचवले टेलरआजींनी. अपघातानंतर आठव्या दिवशी त्या नव्या दरवाज्यातून गाडीत बसल्या आणि ताईंना म्हणाल्या, "जुना कुठाय? माझ्यासारख्यांना घरी जायच्या आधी गाडीत बसायची सवय करायला तो बरा पडेल." ताईंनी ते मॅडमना सांगितले. मॅडमनी लोखंडी चौकट बनवून घेतली, तिच्यात गाडीचा एक जुना बाक बसवला, आणि मिस्त्रींनी नवे कुलूप घालून मला बिजागरीवर चढवले. आता मी केंद्राच्या खोलीत खिडकीजवळ असतो. ज्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे ते माझी कड धरून बसायला आणि उठायला शिकतात. पोचा तसाच आहे. मॅडमनी विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, राहू दे.

इथे आल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. तपासणीच्या दिवशी लोक नवे कपडे घालून येतात. घरी कण्हणारे इथे ताठ चालतात. मॅडम विचारतात, "दुखतं का?" की ते म्हणतात, "छे, अजिबात नाही." मॅडम तेच कागदावर लिहितात आणि बिचारे दुखणे घेऊन घरी जातात.

मागच्या आठवड्यात ताई बाबांनाच घेऊन आल्या. नव्या दरवाज्याचे काम झाल्यापासून बाबा चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलत होते, आणि विचारले की म्हणत होते, सवय करतोय. मॅडमनी सांगितले, "काका, उजवा हात वर करा." बाबांनी हसत हसत हात वर नेला. कपाळावर घाम आला होता, पण चेहरा कसा पाटीसारखा रंगवलेला!

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचलले.

बाबांनी ताईंकडे पाहिले. मग बाबांनी हात सावकाश खाली घेतला.

"ते लिहू नका," ते म्हणाले. "पुन्हा बघा. खांद्याच्या वर गेला की जीव जातो माझा."

ताईंनी पटकन तोंड खिडकीकडे फिरवले. मॅडमनी कागद बदलला, खुर्ची पुढे ओढली आणि बाबांचा खांदा बोटांनी चाचपायला घेतला. आता बाबा रोज येतात आणि माझी कड धरून हात वर न्यायचा सराव करतात. काल तो दोन बोटे जास्त वर गेला.

तर मित्रांनो, दरवाजे आपटू नका, आणि आम्हाला अधूनमधून मायेने पुसत जा. पण त्याहून मोठे मागणे एकच. कुणी आपुलकीने बघायला आले, की आधी लागलेले दाखवा. रंगाचे नंतर बघता येते.